खोलीआधी मोजणी तपासा

घरातली एक खोली मोकळी करून तिथं छोटा स्टुडिओ थाटणारी मंडळी आता गावोगाव भेटतात. कुणी ऑडिओबुक वाचतं, कुणी गाणी मिक्स करतं. खोली मोजायला ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर सोडायचा, तो माइकनं टिपायचा, की पडद्यावर आलेख उमटतो. त्यात खड्डे दिसले की लगेच फोम आणायची धावपळ सुरू होते. माझं म्हणणं असं, की खोलीला दोष देण्याआधी मोजणी तपासून घ्यावी.

काहीही न हलवता पुन्हा एकदा मोजा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसायला हव्यात. खर्जाकडच्या भागात त्या फाकल्या, तर पंखा, फ्रिज किंवा रस्त्यावरची वाहतूक मोजणीत घुसली आहे. हार्वर्डचे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास ऑर्गनची नळी, स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान एवढ्यावर सभागृहांचा घुमारा मोजला, तोही रात्री जागून, कारण दिवसा शांतता मिळत नव्हती. आपणही पंखा बंद करून रात्रीच मोजावं.

मग संगणकाकडे वळा. त्यातली गोंगाट कमी करणारी सोय चालू असेल, तर आपला चाचणीचा स्वरच गोंगाट समजून ती दाबून टाकते. ऑडिओ इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू राहिलं, तर माइकमध्ये शिरलेला आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि आलेख विस्कटतो. या दोन्ही गोष्टी बंद करा. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळा मोजा. गाण्याचा माइक या कामाला नको. चहूबाजूंनी सारखं ऐकणारा, मोजणीसाठीचाच माइक हवा. त्याच्या कॅलिब्रेशनच्या फाइली बहुधा दोन असतात: माइकचं तोंड स्पीकरकडे असेल तर शून्य अंशाची, छताकडे असेल तर ९० अंशांची. ही अदलाबदल झाली, की वरच्या पट्टीचे आकडे खोटे येतात.

आता खरी गंमत टेबलाची. समजा, स्पीकर आणि माइक दोन्ही टेबलापासून ३५ सेंटीमीटर उंच आहेत आणि त्यांच्यात १२० सेंटीमीटर अंतर आहे. टेबलावर आपटून येणारा आवाज सरळ आवाजापेक्षा सुमारे १९ सेंटीमीटर जास्त चालतो. ९०० हर्ट्झच्या आसपास तेवढं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. तिथं दोन्ही आवाज एकमेकांना मारतात आणि आलेखात खड्डा पडतो. टेबलावर जाड गोधडी अंथरून पुन्हा मोजा. खड्डा उथळ झाला, तर त्याबाबत भिंती निर्दोष आहेत. टेबल आणि स्पीकर यांची जागा बदलून पाहा.

गोधडीनं जे हलत नाही, ते बहुधा खोलीचं असतं. दहा फूट रुंदीच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज दोन भिंतींमध्ये अडकतो. बरोबर मध्यावर माइक ठेवला तर तिथं खड्डा दिसतो, भिंतीजवळ नेला तर तोच स्वर चढतो. असा खड्डा इक्वलायझरनं भरू नका, कारण थेट आवाज वाढवला तर त्याला मारणारा परतीचा आवाजही तेवढाच वाढतो. वर १० डेसिबल चढवणं म्हणजे अॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती मागणं. स्पीकर उगाच फाटायला लागतो. पातळ फोमचा इथं काडीचाही उपयोग नाही, कारण या स्वराची तरंगलांबी सहा मीटरच्या वर जाते. त्यापेक्षा खुर्ची फूटभर पुढेमागे किंवा बाजूला सरकवून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि एक विनंती. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक आलेखाला नाव देताना माइकची जागा आणि कोणता स्पीकर, हे त्यात नक्की लिहा.