पोलिस, पाणी आणि ओस्ट्रॉमबाई



राज्यशास्त्राचा अभ्यासक म्हटलं की निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर टक्केवारी सांगणारा माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या एलिनॉर ओस्ट्रॉम या पठडीतल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं आणि २००९ साली नोबेल मिळालं ते मात्र अर्थशास्त्राचं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गंमत अशी, की याच अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गेल्या, तेव्हा गणित कच्चं म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. आणि गणित कच्चं का? तर शाळेत असताना मुलीला त्रिकोणमिती कशाला हवी, असं ठरवून मोठ्यांनी तो विषयच घेऊ दिला नव्हता!

त्यांचा जन्म १९३३चा, लॉस एंजेलिसचा, घरची परिस्थिती बेताची. १९५४ मध्ये पदवी घेऊन नोकरी शोधायला निघाल्या, तर जिथे जातील तिथे एकच प्रश्न: टायपिंग येतं का, शॉर्टहँड येतं का? बाईंनी पोस्टाने शिकवणी लावून शॉर्टहँड शिकून घेतलं. पुढे लोकांच्या मुलाखती टिपून घेताना तेच त्यांच्या कामी आलं.

शेवटी राज्यशास्त्रात प्रवेश मिळाला. प्रबंधाचा विषय होता लॉस एंजेलिसच्या पश्चिमेकडचं भूजल. तिथे सगळ्यांनी विहिरींतून इतका उपसा केला होता, की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत शिरू लागलं होतं. कारखाने, नगरपालिका, पाणी कंपन्या एकमेकांचे प्रतिस्पर्धी. तरी ते एका संघटनेत बसले, कोर्टात गेले, कोर्टाच्या साक्षीने वाटाघाटी केल्या आणि आपापला उपसा कमी करायला राजी झाले. वरून कुणी हुकूम सोडला नव्हता. १९६५ मध्ये बाई डॉक्टर झाल्या.

त्याच वर्षी त्या पती व्हिन्सेंट यांच्याबरोबर ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठात, आल्या. नोकरी पतीची होती. बाईंच्या वाट्याला आला सकाळी साडेसातचा तास, तोही शनिवारी धरून. त्या वेळी अमेरिकेतल्या जाणत्यांचं एक ठाम मत होतं: लहान लहान पोलिस खाती हा उधळेपणा, सगळी मोडून एक मोठं खातं करा. आपल्याकडे शाळा, दवाखाने, बँका यांच्याबाबत हीच भाषा ऐकू येते. बाई विद्यार्थ्यांना घेऊन इंडियानापोलिसच्या गल्ल्यांत गेल्या. शेजारशेजारच्या, एकसारख्या वस्त्या निवडल्या; काहींना मोठ्या शहराचे पोलिस, काहींना आपल्या छोट्या गावाचे. घरोघरी विचारलं: बोलावल्यावर पोलिस किती वेळात आले? तक्रारीचं पुढे काय झालं? लोकांच्या सांगण्यावरच विसंबायला नको म्हणून रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड आणि रस्त्याचा खडबडीतपणाही यंत्राने मोजून पाहिला. राज्यशास्त्राची डॉक्टर खड्डे मोजते आहे, हे चित्र मला फार आवडतं. निष्कर्ष जाणत्यांच्या उलट निघाला. गस्त घालणं, हाकेला धावणं यात लहान खाती सरस ठरली. गुन्हे तपासाची प्रयोगशाळा मात्र मोठ्या प्रमाणावर चालवलेलीच बरी, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितलं.

१९७३ साली दोघांनी आपली संस्था काढली, तिचं नाव ठेवलं ‘वर्कशॉप’. व्हिन्सेंटना सुतारकामाचा नाद होता, त्यातून हे नाव आलं.

आता बाईंच्या मुख्य कामाकडे येऊ. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडलं होतं, की सामायिक कुरण उजाड व्हायचंच. जो तो आपलं एक जनावर जास्त सोडणार. त्यावर लोकांनी उपाय काढले ते दोनच: सरकारच्या ताब्यात द्या, नाहीतर खासगी करा. बाईंनी १९९०च्या आपल्या पुस्तकात जगभरची उदाहरणं पुढे ठेवली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावातला १५१७ सालचा नियम असा, की हिवाळ्यात जितक्या गाई आपल्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडायच्या. किती सोपं! मोजायला सोपं, पकडायला सोपं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर जिथे मच्छीमारांना असं जमलं नाही, ती ठिकाणंही त्यांनी लपवली नाहीत.

हे वाचताना मला धुळे जिल्ह्यातले पांझरेकाठचे फड आठवतात. नदीवर बंधारा, त्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. हे दोघे शेतकऱ्यांनीच नेमलेले आणि त्यांनाच जबाबदार. राखणदार पाणी वापरणाऱ्यांना उत्तरदायी हवा, हे टिकाऊ सामायिक व्यवस्थांसाठी बाईंनी त्या पुस्तकात मांडलेल्या आठ सूत्रांतलं एक सूत्र.

पण इथे आपल्याला थांबायला हवं.  ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्यांच्या गौरवावर सडकून टीका केली. फडात पाण्याचा वाटा जमीनवाल्याला, भूमिहीनाला काय? गावाने एकत्र बसून ठरवलं म्हणजे कोण कोण बसलं होतं? बाईंचं तिसरं सूत्र सांगतं, की नियम ज्यांना लागू, त्यांपैकी बहुतेकांना तो बदलण्यात भाग घेता आला पाहिजे. माझ्या मते सगळं या सूत्रावर येऊन अडतं, आणि जातीच्या गावात ते आपोआप पाळलं जात नाही. तिथे कायदा लागतो, राखीव जागा लागतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. तिथे गावाची शिस्त होती आणि पाठीशी संसदेचा कायदाही होता. दोन्ही लागले.

ओस्ट्रॉमबाई १२ जून २०१२ रोजी गेल्या, त्याच महिन्यात व्हिन्सेंटही गेले. नोबेलची रक्कम बाईंनी वर्कशॉपला देऊन टाकली होती.

श्रोतेहो, तुमच्या गावची पुढची ग्रामसभा किंवा सोसायटीची वार्षिक सभा असेल, तेव्हा एवढं करा. पाण्याच्या वेळा कुणी ठरवल्या हे विचारा, आणि ज्यांच्या नळाला सर्वांत शेवटी पाणी येतं, त्यांच्यापैकी कुणी त्या सभेला होतं का, तेही विचारा.