भोवळ : आमचा अनुभव



अंथरुणात कूस बदलताच छत गरगरा फिरू लागे आणि अर्ध्या मिनिटात थांबे. घरचे म्हणाले, अशक्तपणा; शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा. आम्ही दोन वर्षे गोळ्या घेतल्या. गवंडीकामात परांचीवर चढणे सुटले, रोजी बुडाली.

दोष होता कानात! आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. डोके हलले की मेंदूला खोटी वर्दी जाते. डोके ठरावीक क्रमाने वळवून हे कण मागे नेण्याची रीत अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. कानाच्या डॉक्टरांनी ती आमच्यावर दहा मिनिटांत केली.

प्रत्येक चक्कर कानाचीच नसते, बरे का. जीभ अडखळली, हात लुळा पडला तर तडक इस्पितळ गाठावे.

आमचा त्रास कधी परततो. परांचीवर चढतो, पण कमरेला दोर बांधूनच.