दुपारी अंधार, आभाळात हिरवा उजेड

आम्ही अहमदपूरच्या बचत गटांकडून बोलतोय.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ऑक्टोबरअखेर सूर्य मावळला, की नी-ऑलेसुंद गावात तो फेब्रुवारीतच क्षितिजावर येतो. तिथं २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. आपले शास्त्रज्ञ आधी उन्हाळ्यात जायचे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी तुकडी निघाली. त्यात पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था होती, गोव्याचं ध्रुवीय केंद्रही. भर दुपारी अंधार, थंडी उणे १५ पर्यंत. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलाच्या धास्तीनं बंदूक जवळ हवी. आभाळ मोकळं असलं, की हिरव्या उजेडाचे पडदे हलताना दिसतात. सूर्याकडून आलेले बारीक कण उंचावरच्या हवेतल्या ऑक्सिजनवर आदळतात, त्याचा तो रंग. कसला कोप नाही की चमत्कार नाही.

बायका विचारतात, एवढ्या लांब पैसा कशाला घालायचा? अहो, तिथला बर्फ वितळला तर आपल्या पावसाचं काय होतं, हेही ही मंडळी शोधतायत. पाऊस दडी मारतो, सोयाबीनची दुबार पेरणी येते, अन् बियाण्याचं कर्ज आपल्याच गटातून उचलावं लागतं. आम्हाला तरी हा खर्च पटतो.