नळ रिकामा असतो तेव्हा

मंडळी, आज नळाविषयी बोलायचं आहे. तोटी तर आपल्याला रोज दिसते. मी बोलणार आहे तिच्या मागच्या पाईपाविषयी. रस्त्याखालून, गटाराच्या कडेनं, भिंतीला धरून तुमच्या मोरीपर्यंत येतो तो पाईप.

लडाखात लेह नावाचं गाव आहे. आपली पुष्कळ पोरं पलटणीत असतात. त्यांतली काही तिकडे राहून आलेली असतात, त्यांना विचारा. तिथं हिवाळ्यात रात्री अशी थंडी पडते, की पाईपातल्या पाण्याचा बर्फ होतो. पाणी गोठलं की फुगतं. अकरा वाट्या पाण्याचा जवळजवळ बारा वाट्या बर्फ होतो. त्या एका जास्तीच्या वाटीला पाईपात जागा कुठली? मग लोखंडाचा पाईपसुद्धा तडकतो. रात्री हे कळत नाही. ऊन पडून बर्फ वितळला, की घरभर पाणी. म्हणून थंड मुलखातले लोक पाईप जमिनीत खोल पुरतात. उघड्या पाईपाला गोणपाट, चिंध्या गुंडाळतात. रात्री पाईप रिकामा करून ठेवतात, नाहीतर तोटी जराशी सोडून बारीक धार चालू ठेवतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही.

आपल्या बुवापाड्यात असली थंडी नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढीच महाराष्ट्राची बर्फाची ऐट! आपला पाईप थंडीनं फुटायचा नाही. पण एक गोष्ट ध्यानात धरा. तिकडे पाईप रिकामा केला की माणूस निर्धास्त झोपतो. आपल्याकडे पाईप रिकामा झाला की धोका सुरू होतो.

तो कसा, ते सांगतो. अंबरनाथ-बदलापूर भागाला बारवी धरणाचं आणि उल्हास नदीचं पाणी मिळतं. ते गाळून, औषध घालून सोडतात. पाणी जोरात चालू असतं तेव्हा पाईपाला भोक असलं, तर पाणी बाहेर उडतं. घाण आत येऊ शकत नाही. पण आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळी येतं आणि मग बंद होतं. बंद झालं की उतारावरच्या घरांकडे उरलेलं पाणी ओघळतं. वरचा पाईप पोकळ होतो आणि ओढ घ्यायला लागतो. शहाळ्याची नळी तोंडाला लावून ओढतो ना आपण? त्या नळीला मधेच भोक असलं तर बाहेरचा वारा आत येतो. आणि ते भोक गटारात बुडालेलं असलं तर? वारा येणार नाही, गटार येईल. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं, की ते पहिल्यांदा तुमच्या हंड्यात.

त्यातून कुणी पाईपाला थेट मोटर लावली, तर ओढ आणखी वाढते. मोटरवाल्याला वाटतं, मी पाणी ओढतो. तो सगळ्या गल्लीसाठी गटार ओढत असतो. हे त्याला तोंडावर सांगायला कुणी धजत नाही, म्हणून पाच-सात घरांनी मिळून सांगावं. मोटर हवीच असेल तर पाणी आधी आपल्या जोरानं टाकीत पडू द्यावं, आणि टाकीतून वर चढवावं.

अशा पाण्यानं हगवण लागते, टायफॉईड होतो. हगवण लौकर कळते. कावीळ मात्र फसवी. आज घाण पाणी पोटात गेलं, तर डोळे पिवळे व्हायला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. तोवर पाणी नितळ झालेलं असतं. मग कुणी म्हणतं उसाचा रस बाधला, कुणी म्हणतं नजर लागली. दिल्लीत असंच झालं होतं. 1955 च्या नोव्हेंबरात तिथं पाणी उचलण्याच्या जागी यमुनेत मोठ्या नाल्याची घाण शिरली. लोक आजारी पडले ते डिसेंबर-जानेवारीत, सुमारे 29,000 जण.

या काविळीचा एक प्रकार गरोदर बाईला फार वाईट. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर चार-पाच बायांतली एक दगावू शकते. तेव्हा सासूबाईंनो, सुनेचे डोळे पिवळे दिसले तर कावीळ उतरवायला नेऊ नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या.

आता पाईपाकडे वळू. उद्या पाणी बंद असताना आपापल्या पाईपाच्या कडेनं चाला. पाईप गटारात बुडालेला असेल, तर तो गटाराच्या वर, भिंतीला खुंट्या ठोकून घ्या. लोखंडी पाईप गटारात गंजतोच, वरून रंग चांगला दिसला म्हणून फसू नका. पांढरा प्लॅस्टिकचा पाईप वर्षानुवर्षं उन्हात राहिला की ठिसूळ होतो, त्याला झाका. सांधा गळत असला तर सायकलची ट्यूब बांधून भागत नाही. प्लंबरकडून पक्का करून घ्या. घरं चार-पाच असली तर खर्च वाटून घेता येतो.

तोटीला रबरी नळी लावून ती पिंपात बुडवून ठेवायची सवय पुष्कळ घरांत आहे. पाणी गेलं की तीच नळी पिंपातलं पाणी उलटं ओढते. पाणी भरून झालं की नळी काढून टांगा. सुटलेलं पहिलं पाणी पिऊ नका. ते मोरी धुवायला घ्या. वास येत असला, गढूळ असला, तर पिण्याचं पाणी खळखळून उकळा. औषधाचे थेंब घालायचे, तर बाटलीवर किती ते लिहिलेलं असतं. आता तुम्हांला वाचता येतं, दुसऱ्याला विचारू नका.

आशाताईंना ओटी टेस्ट करायला सांगा. काचेच्या नळीत तुमच्या तोटीचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं, तर त्यात औषध शिल्लक आहे. पांढरंच राहिलं, तर वाटेत कुठंतरी घोटाळा आहे. म्हणजे नळीतलं पाणी पिवळं झालेलं बरं, डोळे नकोत!

रस्त्याखालचा मोठा पाईप फुटला असेल, तर तो आपल्या हातचा नाही. त्यासाठी पाणी खात्याकडे अर्ज करा. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्जात तारीख घाला, गल्ली लिहा, कुठल्या विजेच्या खांबाजवळ पाणी वर येतं ते लिहा. किती घरांत आजारी माणसं आहेत तेही लिहा. खाली सगळ्यांनी सह्या करा. आता अंगठे नकोत. अर्जाच्या दोन प्रती करा. एक तिथं द्या, दुसरीवर शिक्का मारून घ्या, आणि ती घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.