परक्या छावणीतला आपला माणूस



आपला माणूस उजव्या पक्षात गेला की आपण त्याला गद्दार म्हणून मोकळे होतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतही हेच घडते. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले क्लॅरेन्स थॉमस वंशाधारित सवलतींना विरोध करतात. त्यांच्याच समाजातील अनेकांचा त्यांच्यावर रोष आहे.

आपल्याकडे पाहा. नामांतरासाठी नांदेड जिल्ह्यात १९७८ साली पोचीराम कांबळे आणि १९९३ साली गौतम वाघमारे शहीद झाले. शिवसेनेचा नामांतराला कडवा विरोध होता. त्याच शिवसेनेशी २०११ साली रामदास आठवले यांनी हातमिळवणी केली. २०१६ साली ते केंद्रात राज्यमंत्री झाले. राग येणे स्वाभाविक आहे.

पण लातूर लोकसभा मतदारसंघ २००९ पासून राखीव आहे. २०१४ आणि २०१९ साली तेथे भाजपचे उमेदवार निवडून आले, २०२४ साली काँग्रेसचे. संयुक्त मतदारसंघात उमेदवार अनुसूचित जातीचा असला तरी तिकीट पक्षाचे आणि मते सर्वांची लागतात. तेव्हा आपली माणसे सर्वच पक्षांत दिसणार.

मग कसोटी कोणती? बाबासाहेबांनी काँग्रेसशी आयुष्यभर झुंज दिली, तरी १९४७ साली ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येक पुढाऱ्याला विचारा: तेथे जाऊन समाजासाठी काय मागितले? काय मिळवले? आणि मिळाले नाही, तेव्हा खुर्ची सोडली काय?

जयभीम!