दिव्याभोवतीचे खळे

चंद्राला खळे पडले की पाऊस किती दूर आहे, याचे आडाखे खेडोपाडी बांधले जातात. दिव्याला खळे पडले तर मात्र त्याची फारशी दखल घेतली जात नाही. चष्मा पुसला जातो, डोळे चोळले जातात आणि विषय तेथेच संपतो.

सर्वच खळी सारखी नसतात. धुके, चष्म्यावरील तेलकट डाग किंवा मोटारीच्या काचेवरील ओरखडे यांमुळेही दिवे फाकलेले दिसतात. मोतीबिंदूमध्ये डोळ्यातील भिंग गढूळ होते व समोरच्या वाहनाचा प्रकाश पसरतो. हा त्रास नित्याचा असतो, हळूहळू वाढत जातो आणि शस्त्रक्रियेने दूर होतो. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला; त्यानंतरच्या शिबिरांमुळे मोतीबिंदू हा शब्द घरोघरी पोहोचला. काचबिंदूविषयीची जाणीव तितकी पोहोचली नाही, आणि गेलेली दृष्टी परत न देणारा विकार तर तोच आहे.

काचबिंदूच्या एका प्रकारात दिसणारे खळे इंद्रधनुष्यासारखे रंगीत असते. आत निळसर, बाहेर तांबूस. डोळ्यात सतत एक द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या अरुंद कोनातून तो बाहेर झिरपतो. काही व्यक्तींत हा कोन जन्मतःच चिंचोळा असतो व वयाबरोबर अधिक आवळतो. कोन बुजला की दाब चढतो, डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात पाणी साठते आणि त्या सूक्ष्म थेंबांमुळे प्रकाशाचे रंग वेगळे होतात.

हा प्रकार सायंकाळी किंवा चित्रपटगृहात का घडतो, हेही समजण्यासारखे आहे. अंधारात बाहुली मोठी होते, तिच्याभोवतीचा रंगीत पडदा कडेला गोळा होतो व वाट अडते. झोपेत बाहुली लहान होते आणि वाट पुन्हा मोकळी होते. रात्री कपाळ ठणकले, दिव्याभोवती रंग दिसले, सकाळी काहीच नाही! येथेच घात होतो. दिवसा तपासणीला गेल्यास डोळ्याचा दाबही कित्येकदा १० ते २१ मिलिमीटर या नेहमीच्या मर्यादेत आढळतो. म्हणून रात्रीच्या खळ्याची हकीकत रुग्णाने स्वतः सांगितली पाहिजे. ती ऐकल्यावर नेत्रतज्ज्ञ कोनाची तपासणी करतात.

एखाद्या रात्री वाट पूर्ण बंद झाली तर डोळा लाल होतो, असह्य वेदना व उलट्या सुरू होतात. उलट्यांमुळे पित्ताचा किंवा अर्धशिशीचा समज होऊन उपचार भलत्याच दिशेने जातात. अशा वेळी काही तासांचा विलंबही दृष्टीच्या मज्जातंतूला महाग पडतो.

ग्रेफे या जर्मन नेत्रवैद्याने १८५७ साली रंगीत पडद्याचा तुकडा कापून दाब उतरविण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आता लेसर किरणांनी त्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या डोळ्याचा कोनही बहुधा तसाच चिंचोळा असल्याने, तो दुखत नसला तरी त्यालाही छिद्र पाडण्याचा सल्ला दिला जातो.

काचबिंदूचा दुसरा प्रकार मात्र खळ्याची सूचनाही देत नाही. त्यात दृष्टीचे क्षेत्र कडेकडून निमूटपणे आकसते. जमलेल्या मंडळींपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, आणि विशेषतः ज्यांच्या आईवडिलांना वा भावंडांना हा विकार आहे, त्यांनी चष्म्याचा नंबर काढताना डोळ्याचा दाब व मागील मज्जातंतूही तपासून घ्यावा. स्टेरॉईड असलेले थेंब दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्यांनाही हेच लागू आहे; त्यांनीही डोळ्याचा दाब वाढतो.