कर्जात बुडालेली कंपनी बंद करताना

धंदा आता सावरणार नाही हे कळलं, की बरेच छोटे उद्योजक थेट दिवाळखोरीच्या अर्जाचा विचार करतात. त्याआधी दुसरे मार्ग जरूर तपासावेत.

पहिला, बँकेशी एकरकमी तडजोड. यंत्रं, शेड विकून ठरलेली रक्कम भरायची, उरलेली बँक सोडून देते. मात्र ना-देय दाखला घेताना वैयक्तिक हमी संपल्याचंही लेखी घ्या आणि तारण ठेवलेल्या घराची कागदपत्रं परत मिळवा. कंपनी बंद झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. कितीतरी कुटुंबं इथंच अडकतात.

धनको अनेक असतील, तर कंपनी कायदा, 2013 मधलं कलम 230 आहे. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्य आणि रकमेच्या हिशेबानं तीन-चतुर्थांश धनको राजी झाले, न्यायाधिकरणानंही मंजुरी दिली, की तो तोडगा न मानणाऱ्यांनाही बांधतो.

कलम 248 खाली कंपनीचं नाव नोंदवहीतून काढता येतं, पण सगळी देणी फेडल्यावरच.

कामगारांना मात्र रांगेत शेवटी उभं करू नका, हे कळकळीनं सांगतो. भविष्य निर्वाह निधी त्यांचाच पैसा आहे. परिसमापनातही कायदा तो इतर धनकोंच्या वाटणीबाहेर ठेवतो. ग्रॅच्युइटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांच्या वेतनाइतकी होते. बँकेशी बोलणी सुरू करण्याआधीच हा आकडा काढून ठेवा.